इथूनच गेले होते

रायपूरच्या पुरानी बस्तीत मराठी घरं आता मोजकीच राहिली आहेत, पण त्यांत एक तरी नाना असतोच. एक नाना गेला की दुसरा आपोआप पिकतो. पुण्यात या जातीचा माणूस ‘भीमसेन आणि मी’ असं वाक्य सुरू करतो आणि सदाशिव पेठेत ते खपूनही जातं. आम्ही पडलो भोसल्यांच्या मागून इकडे आलेल्यांचे वंशज. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन बसले. त्यांच्या दप्तराच्या आगेमागे आमचे कारकून पूर्वज आले आणि परत जायचं विसरले. इतक्या लांब बसून थोर कलावंतांशी घसट होती म्हटलं तर शेंबडी पोरंसुद्धा हसतील. म्हणून आमच्या नानांचा दावा फार माफक असतो. ते फक्त म्हणतात, “इथूनच गेले होते.”

इथून म्हणजे रायपूर स्टेशनवरून. भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत बसवले. नानांनी सगळे कलावंत एका रेल्वेलाइनीवर बसवले आहेत. “मुंबईचा गवई कलकत्त्याला गायला गेला ना? मग नागपूर, राजनांदगाव, रायपूर, बिलासपूर. उडत गेला का बे?” कॉलेजात असताना मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, नाना, मुंबई-कलकत्ता गाडी १८७० पासून जबलपूर-अलाहाबादवरून होती. आपली ही लाइन हावड्यापर्यंत जोडली गेली ती १९०० साली. नानांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. “अलाहाबादचा उन्हाळा पाह्यला का तू? गवई माणूस गळा घेऊन तिकडून जाईल?” हे ते मे महिन्यात, रायपुरात, डोक्यावर ओला पंचा ठेवून विचारत होते.

गौहरजानचंही तेच. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायली, गाणं संपल्यावर ठसक्यात इंग्रजीतून आपलं नाव सांगितलं, आणि शेवटची वर्षं म्हैसूरला काढून १९३० मध्ये तिथेच वारली. कलकत्त्याहून म्हैसूरला जायला मद्रासचा सरळ रस्ता आहे. पण नानांच्या नकाशात बाई रायपूरवरूनच जातात, कारण “एकटी बाईमाणूस समुद्राच्या कडेकडेनं कशाला जाईल?”

नानांना गाणं ऐकताना पाहिलेला माणूस विरळा. रेडिओवर ख्याल लागला तर ते अस्वस्थ होतात, कारण त्यात साल येत नाही. त्यांचं सगळं पोषण रद्दीच्या दुकानातून आणलेल्या चरित्रांवर झालं आहे, आणि चरित्रातही ते आधी प्रवासाचं प्रकरण वाचतात, मग मृत्यूचं. कला मधल्या पानांत असते, ती राहून जाते. ही दोन्ही प्रकरणं एकाच जागी आली की नानांना भरून येतं. अब्दुल करीम खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. हे सांगताना नानांचा आवाज चिरकतो. “एवढंसं स्टेशन रे! मेल थांबत नसेल तिथं. आणि नशीब पाहा.” खाँसाहेब गेले यापेक्षा त्यांनी जागा कोणती निवडली याचंच दुःख जास्त. मग नानांच्या लक्षात येतं आणि ते घाईनं म्हणतात, “म्हणजे मरण नको कोणाचं. आपल्या इथं नुसती घेरी आली असती तरी चाललं असतं.”

युरोपातली गावं या बाबतीत जास्त जागरूक होती, असं त्यांचं मत आहे. शोपाँ १८४९ मध्ये पॅरिसात गेला, त्याला पुरलं पॅरिसात, पण काळीज बहिणीनं वॉर्साला नेलं आणि तिथे ते चर्चच्या खांबात बसवलं. हायडनची गोष्ट तर नाना दुपारच्या चहाला सांगतात आणि नानी आतून ओरडते, “खाताना नको!” हा १८०९ मध्ये व्हिएन्नात वारला. कवटीवरून अक्कल मोजणाऱ्या काही हौशी लोकांनी कबर खोदणाऱ्याचे हात ओले करून त्याचं डोकंच पळवलं. १८२० मध्ये त्याला आयझेनश्टाटला हलवायला शव काढलं, तर टोप होता, डोकं नव्हतं. धडाला खरं डोकं मिळायला १९५४ साल उजाडलं. “एकशे पंचेचाळीस वर्षं!” नाना मांडीवर थाप मारतात. “पण व्हिएन्नावाल्यांनी हातचं सोडलं नाही.”

रायपूरच्या हाती असं काही लागलं नाही, म्हणून नानांकडे तांब्या आहे. पितळी, फिरकीचा. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून देशभर गाणं पोचवत फिरणारे विष्णु दिगंबर पलुसकर या तांब्यातलं पाणी प्यायले, रायपूर स्टेशनवर, आजोबांच्या हातून. निदान माझ्या लहानपणी तेच प्यायले होते. नाटकवेडा जावई आला तेव्हा बालगंधर्व प्यायले. शेजारी बंगाली पोस्टमास्तर राहायला आले त्या महिन्यात रवींद्रनाथ. पाणी तेच, पिणारा पाहुण्याच्या मानाप्रमाणे बदलतो. याला यजमानधर्म म्हणतात. नानी त्यात सुटे पैसे ठेवते, कारण फिरकी इतकी घट्ट आहे की नातवंडांना उघडत नाही.

रवींद्रनाथांचं नाव मात्र नाना जपून घेतात, त्यामागे जखम आहे. त्यांच्या ‘फाँकी’ या कवितेत गाडी बदलण्यासाठी बिलासपूर स्टेशनात थांबलेलं जोडपं आहे, आणि बिलासपूरवाल्यांनी ती कविता स्टेशनात लावून ठेवली आहे. नानांनी ती उभ्यानं, सामान खाली न ठेवता वाचली. “गाडी बदलायला बिलासपूरच सापडलं यांना?” कवीचा प्रवास वेगळा आणि कवितेतल्या माणसांचा वेगळा, हा भेद नाना मानत नाहीत.

खरं सांगायचं तर भूगोलानं रायपूरशी वैर धरलं आहे, आणि इथे मी नानांच्या बाजूचा आहे. रायगढला राजा चक्रधरसिंह होऊन गेले. स्वतः तबला वाजवणारे, संगीत आणि नृत्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे. लखनौचे अच्छन महाराज, जयपूरचे जयलाल असे कथकचे एकेक खांब त्यांनी पदरी बोलावले आणि कार्तिकराम, कल्याणदास अशी गावातली पोरं त्यांच्या हाती दिली. त्यातून रायगढ घराणं उभं राहिलं. पण उत्तरेकडून रायगढला जायचं तर कटनीवरून बिलासपूर, तिथून पुढे. रायपूर लागतच नाही. बरं, दुसऱ्या बाजूनं पाहावं, तर खैरागढ. तिथल्या राजाराणीनं, वीरेंद्रबहादुरसिंह आणि पद्मावतीदेवींनी, गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, नावानं आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये संगीत-कलांचं विद्यापीठ उघडलं. सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरू कोण, तर साक्षात श्रीकृष्ण रातंजनकर. भातखंड्यांचे शिष्य, फैयाज खाँचे शागीर्द, वर मराठी माणूस! नानांच्या घरात तेव्हा लाडू वळले गेले असते. पण मुंबईकडून खैरागढला येणारा माणूस राजनांदगावलाच उतरतो. रायपूरच्या सत्तर किलोमीटर अलीकडे.

“उतरले,” नाना म्हणतात, जणू कोणी घरासमोरून मान फिरवून गेलं. “बॅग घेतली आणि उतरले.”

मुक्तिबोधही राजनांदगावलाच थांबले. घरात मराठी, लेखणीत हिंदी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. १९५८ पासून ते तिथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते आणि १९६४ मध्ये गेले ते दिल्लीत, पहिला कवितासंग्रह हातात पडण्याआधी. त्यांच्यासाठी नाना गणित मांडतात. मराठी म्हणून अर्धे आपले, छत्तीसगढचे म्हणून पाव आपले, आणि उरलेला पाव राजनांदगावनं खाल्ला.

भरपाई म्हणून नानांनी विवेकानंदांना गवयांत घेतलं आहे. याला आधार आहे हे मान्य करावं लागेल. चौदा वर्षांचा नरेंद्र १८७७ मध्ये बैलगाडीतून रायपूरला आला, कारण तेव्हा रेल्वेच नव्हती, आणि दोनेक वर्षं इथे बूढापाऱ्यात राहिला. पोरगा उत्तम गायचा. पुढे १८८७ मध्ये ‘संगीत कल्पतरु’ नावाचा गीतसंग्रह त्यानं एका सहसंपादकाबरोबर काढला. नाना यातून रायपूर घराणं काढतात. संस्थापक नरेंद्रनाथ दत्त, वैशिष्ट्य बूढातालाबचं पाणी, शिष्यपरंपरा खंडित.

आता १९७३ ची गोष्ट. नाना तेव्हा ऐन पंचविशीत होते, नुकते नोकरीला लागलेले. कोणीतरी सांगितलं की भीमसेन जोशी हावडा मेलनं कलकत्त्याला चालले आहेत. भीमसेन म्हणजे गाण्यापायी अकराव्या वर्षी घर सोडून बिनतिकीट रेल्वेत बसलेला मुलगा. नानांच्या धर्मात हा देवच. नानांनी नवीन लग्न झालेल्या नानीला पहाटे उठवून आलं घातलेला चहा करायला लावला, तो त्या ऐतिहासिक तांब्यात भरला, फिरकी आवळली आणि सायकल हाणत स्टेशन गाठलं. गाडी आली. पहिल्या वर्गाच्या खिडक्या बंद. नाना एकेका खिडकीवर टकटक करत धावले, “पंडितजी, पंडितजी!” शेवटी एक खिडकी चार बोटं वर झाली. आतल्या अंधारातून एक जड, झोपाळलेला आवाज आला, “चाय नहीं चाहिए.”

खिडकी बंद, गाडी सुटली. आत कोण होतं देव जाणे. एखादा पोलादाचा व्यापारी असेल. नाना मात्र पन्नास वर्षं सांगत आले आहेत, “भीमसेनजींनी माझ्या हातचा चहा नाकारला.” वर खालच्या पट्टीतला ‘नहीं’ म्हणूनही दाखवतात. तेवढं एकच काय ते त्यांचं गायन.

त्याच वर्षी रायपुरात हबीब तन्वीर ‘नाचा’ या इथल्या लोकनाट्याच्या खेड्यापाड्यांतल्या कलावंतांना घेऊन कार्यशाळा करत होते. ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ हे नाटक त्यातूनच उभं राहिलं. दोन वर्षांनी ‘चरणदास चोर’ आलं आणि १९८२ मध्ये त्याच नाटकानं एडिंबरोच्या महोत्सवात बक्षीस मारलं. नाना कार्यशाळेकडे फिरकले नाहीत. अजूनही विचारलं तर हात झटकतात. “हबीब? तो तर बैजनाथपाऱ्याचा. लॉरी स्कूलचा पोरगा. जातो कुठं?” जातो कुठं! नागपूर, मुंबई, लंडन, बर्लिन, दिल्ली, भोपाळ. रायपूर स्टेशनातून खरोखरच कितीदा तरी गेलेला हा एकच कलावंत, आणि नानांनी याला पाणीसुद्धा विचारलं नाही. इथला माणूस गाडीत बसला तर त्यात विशेष काय, तो बसणारच. माधवराव सप्र्यांचं तसंच झालं. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारा, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारा हा मराठी माणूस १९२६ मध्ये रायपुरातच वारला. नानांच्या वहीत त्यांना अर्धी ओळ आहे. मला वाटतं, जो थांबला त्याच्या घरी जावं लागतं, त्याचं वाचावं लागतं, त्याची उधारीही माहीत असते. पुढे गेलेल्याचं तसं नसतं. तो चार मिनिटं थांबतो आणि जन्मभर पुरतो.

परवा नानांचा पुतण्या आला होता. तो टॅक्सीच्या धंद्यात आहे. बोलता बोलता म्हणाला, “काका, आता मुंबईचा गवई खैरागढला जायचा असला तर सरळ विमानानं येऊन माना विमानतळावर उतरतो. रायगढच्या चक्रधर समारोहाचे मोठे पाहुणेसुद्धा. माझ्याच गाड्या असतात.”

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे रायपूरला उतरतात?”

“हो ना.”

“आणि इथून पुरानी बस्तीतून जातात?”

“इथून कशाला येतील? रिंग रोडनं टाटीबंध, तिथून दुर्ग.”

“रिंग रोड कोणी केला?” नानांनी अशा आवाजात विचारलं की पुतण्याला वाटलं, आपल्यावरच आळ येतोय. पण लगेच नाना सावरले. भिंतीवरची काठी घेतली, चपला शोधल्या. “टाटीबंधला सिग्नल आहे ना? लाल दिवा किती वेळ राहतो रे?”

आतून नानी म्हणाली, “तांब्या नेणार असाल तर आधी माझे सुटे पैसे काढून ठेवा.”