दलाली नेमकी कोण देतं?

कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करायला दहा मिनिटं हुज्जत घालणारी आपली माणसं घराचा दलाल समोर आला की एकदम घरंदाज होतात. ऐंशी लाखांचा फ्लॅट. "साहेब, आपलं नेहमीचं, दोन टक्के." "हो हो, ते काय, होऊन जाईल." दोन टक्के हा आकडाच मुळी इतका किरकोळ दिसतो, की त्यावर घासाघीस करणं कोतेपणाचं वाटतं. त्याचे एक लाख साठ हजार होतात हे घरी येऊन फोनवर गुणाकार केल्यावर कळतं. दलाल जीएसटीवाला असेल, तर वरचे अठरा टक्के त्याहूनही उशिरा कळतात.

आपल्याकडे निदान कळतं तरी. अमेरिकेत परवापरवापर्यंत घर विकत घेणाऱ्याला हा हिशेब करायची वेळच येत नसे. दलालबाई स्वतःच्या गाडीतून दहा घरं दाखवणार, वाटेत कॉफी पाजणार, कुठली शाळा चांगली ते सांगणार, आणि पैशाचं विचारलं तर गोड हसून म्हणणार, "तुम्हाला काही द्यायचं नाही. विकणारा देतो." हे ऐकून आपल्या मराठी मुलांचा ऊर भरून येई. फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी करू नये, असे आपल्यावर संस्कारच आहेत.

आतली व्यवस्था अशी होती. विकणारा आपल्या दलालाला पाच ते सहा टक्के कबूल करायचा. तो दलाल घराची माहिती दलालांच्या सामाईक यादीत टाकायचा आणि तिथेच लिहायचा, की गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाला यातले इतके देऊ; बहुधा अडीच ते तीन. हे लिहिणं ऐच्छिक नव्हतं, दलालांच्या राष्ट्रीय संघटनेचा तसा नियमच होता. ही संघटना १९०८ साली शिकागोत स्थापन झाली आणि तिचे सदस्य आज दहा लाखांच्या वर आहेत. आता चार लाख डॉलरच्या घरावर सहा टक्के म्हणजे चोवीस हजार. विकणारा काही ते पदरचे घालत नाही, किंमत सांगतानाच धरून ठेवतो. टेबलावर खरे पैसे घेऊन येणारा माणूस एकच, तो म्हणजे घेणारा. त्यातही बँकेचं कर्ज काढून आलेला. म्हणजे जी दलाली "तुम्हाला द्यायची नाही" ती हा बिचारा तीस वर्षं व्याजासकट फेडत बसायचा.

गंमत अशी, की टक्केवारी कोणी ठरवून दिलेली नव्हती. संघटनेनं दरपत्रक काढणं हा स्पर्धेचा गळा घोटणं आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५० सालीच सांगून टाकलं होतं. त्यानंतर दरपत्रकं गेली आणि दर मात्र राहिले. सगळे स्वतंत्रपणे, आपापल्या बुद्धीनं विचार करून सहा टक्क्यांवरच येत. आमच्या पेठेतल्या न्हाव्यांचंही असंच असतं, पण ते निदान भिंतीवर पाटी लावतात.

शेवटी मिझुरी राज्यातले काही घर विकणारे कोर्टात गेले. आमच्या घराला गिऱ्हाईक आणणाऱ्या, म्हणजे आमच्याशीच किंमत पाडायला भांडणाऱ्या दलालाचे पैसे आम्ही का द्यायचे, हा त्यांचा सवाल. सवालात दम होता. यादीत कमी टक्के लिहिले तर दलाल आमचं घर दाखवायलाच नेत नाहीत, अशीही तक्रार होती. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या ज्युरीनं तीन तासांच्या आत निकाल दिला, की दलालीचे दर चढे राहावेत म्हणून संगनमत झालं आहे. भरपाई पावणेदोन अब्ज डॉलरच्या वर. मक्तेदारीविरोधी कायद्यात ती तिप्पट होऊ शकते, हे ध्यानात आल्यावर संघटनेनं १५ मार्च २०२४ रोजी ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यातून दोन नियम आले आणि ते १७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. सामाईक यादीत समोरच्या दलालाचे टक्के लिहायचे नाहीत. आणि घर दाखवायला नेण्याआधी घेणाऱ्यानं आपल्या दलालाशी लेखी करार करायचा. त्यात आकडा स्पष्ट हवा, "जो काही मिळेल तो" असं मोघम चालणार नाही.

मी त्याच सुमारास न्यू जर्सीत भाचीकडे होतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे दोनच कामं असतात: डिशवॉशर चुकीचा लावणं आणि शनिवारी मुलांबरोबर घरं बघायला जाणं. दुसऱ्या कामात माझा उपयोग असतो असं माझं मत आहे. पूर्व कुठे, ओल कुठे, शेजारी कोण, हे मी दारातूनच सांगू शकतो.

तर एका कॉफीच्या दुकानात दलालबाईंनी टॅब्लेट पुढे केला. "घराचं कुलूप उघडण्याआधी ही सही लागते, नवा नियम आहे." फॉर्मवर टक्क्यांची जागा रिकामी. भाचीनं नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापूंनी कॉफीकडे पाहिलं. दोघंही महिन्याला शेकड्यानं बैठका घेणारी माणसं. पण त्या रिकाम्या जागेपुढे नव्या नवरीसारखी गप्प. शेवटी मीच विचारलं, "किती घालता?"

"साधारण अडीच, अंकल."

"आणि दोन?"

टेबलाखालून भाचीनं माझ्या पायावर पाय दिला. पण बाई मुळीच रागावल्या नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलं असावं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मी काय काम करते आणि किती घेते, हे कोणी तोंडावर विचारलंच नव्हतं. मग त्यांनी कामं सांगितली: किंमत कशी काढतात, तपासणीत काय बघायचं, बोली कशी लिहायची, कर्जाची मुदत चुकली तर काय. अर्धा तास गेला. सव्वादोनवर तोडपाणी झालं. गाडीत बसल्यावर भाची म्हणाली, "मामा, तू पण ना! तुळशीबाग आहे का ही?" मी म्हटलं, तुळशीबागेत सव्वादोन झालं नसतं, दोनच झालं असतं.

तो टेबलाखालचा पाय मला बैलबाजाराची आठवण देऊन गेला. आपल्याकडे बैलाचा सौदा होताना दलाल दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचा. भोवती शंभर माणसं उभी असायची, पण उपरण्याखाली कोणी कोणाचं कुठलं बोट दाबलं, ते फक्त त्या दोन हातांना कळायचं. अमेरिकेनं शंभर वर्षं तेच केलं, फक्त ज्याच्या पैशावर सौदा चालला होता त्याचाच हात उपरण्याबाहेर ठेवला. नव्या नियमानं उपरणं ओढून काढलं. त्यामुळे बैल स्वस्त झाला असं मात्र नाही. यादीत टक्के लिहायची बंदी आहे, फोन करून विचारायला नाही. त्यामुळे आता एक दलाल दुसऱ्याला फोन करतो, "तुमचा मालक किती देतोय?" किंवा घेणारा बोलीतच कलम घालतो, की माझ्या दलालाचे पैसे विकणाऱ्यानं द्यावेत. विकणारा हो म्हणतो आणि किंमत तेवढी धरून ठेवतो. घेणाऱ्याच्या दलालाची टक्केवारी अडीचच्या आसपासच घुटमळते आहे. दलाल बेकार होतील, घरं धडाधड स्वस्त होतील, अशा तिथल्या पेपरांनी केलेल्या भविष्यवाण्या पाडव्याच्या पंचांगातल्या पावसाइतक्याच खऱ्या ठरल्या.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. २०१६ च्या जुलैत सरकारनं ठरवलं, की बाजार समितीत फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी. न्यायाला धरूनच होतं. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा आणि अडतही त्याच्याच बोकांडी, हे किती दिवस चालायचं? लगेच बाजार बंद पडले, लिलाव थांबले. नाशिककडे व्यापाऱ्यांनी मोकळा कांदा नको, गोणीत भरून आणा असा धोशा लावला. गोणी कोणाची, भरण्याची मजुरी कोणाची, हा नवा वाद उभा. अडत पट्टीवरून पुसली गेली, पण तेवढीच रक्कम भावातून हळूच वजा होत नसेल ना, ही शंका कुठल्या शेतकऱ्याच्या मनातून गेली असेल असं मला वाटत नाही. पैसे हातातून देणारा एक आणि सोसणारा दुसरा, ही सोय दलालीच्या धंद्यात फार जुनी आहे.

सगळ्यात सरळ उपाय मला जर्मनांचा वाटतो. भाड्याच्या घरांसाठी २०१५ पासून त्यांचा नियम एका ओळीत मावतो: ज्यानं दलालाला काम सांगितलं, त्यानंच त्याचे पैसे द्यायचे. न्यूयॉर्क शहराला ही ओळ लिहायला आणखी दहा वर्षं लागली. तिथे दलाल नेमायचा घरमालकानं आणि पैसे मोजायचे भाडेकरूनं, अशी रीत होती. थोडेथोडके नाहीत, वर्षाच्या भाड्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत. महिना चार हजार डॉलर भाडं असेल, तर नुसती किल्ली हातात पडायला सात हजार दोनशे. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला गेलेल्या आपल्या कित्येक पोरांनी हे पैसे बाबांकडून मागवलेत. ११ जून २०२५ पासून मालकानं नेमलेल्या दलालाचे पैसे मालकानंच द्यायचे, असा कायदा तिथे लागू झाला. दलालांची संघटना अर्थातच कोर्टात गेली.

आणि आपण? मुंबई-पुण्यात भाड्याच्या घराला मालकाकडून एक भाडं, भाडेकरूकडून एक भाडं, दोन्ही पार्ट्या आपल्याच. अकरा महिने संपले की तेच घर, तोच मालक, तोच भाडेकरू, तरी नूतनीकरणाची दलाली पुन्हा. ती कशाबद्दल असते? बहुधा आपण एकमेकांना सोडून गेलो नाही याबद्दल. रेरा कायद्यानं प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि महारेरानं त्यांना परीक्षेलाही बसवलं, हे चांगलंच झालं. मात्र दलालानं कोणाकडून किती घ्यावं, हे अजून रिवाजावर चालतं. आणि "ओनर माझ्या घरचाच माणूस आहे", "संध्याकाळी अजून दोन पार्ट्या येतायत" ही त्या रिवाजाची मंगलाष्टकं.

दलालाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हा माणूस भर उन्हात स्कूटरवरून चाळीस घरं दाखवतो आणि एकोणचाळिसांचे त्याला शून्य मिळतात. चाळिसावं आपल्याला पसंत पडतं, आणि आपल्यातलाच एखादा सुशिक्षित गृहस्थ वॉचमनकडून मालकाचा नंबर मिळवून परस्पर व्यवहार उरकतो. वर सोसायटीच्या सभेत दलाल कसे लुटारू असतात, यावर बोलतो. दोन्ही बाजू आकडा गुलदस्त्यात ठेवतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांचा संशय.

तेव्हा येत्या मे महिन्यात जे कोणी घर बदलणार असतील, त्यांनी पहिलं घर बघायला जाण्याआधी दलालाला तीन गोष्टी विचाराव्यात: किती, कोणाकोणाकडून, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा लागणार का. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. आणि घर त्यानं दाखवलं असेल, तर वॉचमनकडे मालकाचा नंबर मागू नये.