शंभर मेगाबिटांची जत्रा

अंबरनाथ पूर्वेत महाशिवरात्रीची जत्रा हल्ली दोनदा भरते. एकदा शिवमंदिरापाशी, एकदा घरच्या टीव्हीवर. दुसरीत गर्दी कमी, पण पुढे सरकत तीही नाही.

मंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. त्यावरची शिल्पं पाहायला कुठलं ॲप लागत नाही. चिरंजीवांच्या कॅमेऱ्यातली पाहायला मात्र लागतं. त्यांचा जत्रेचा व्हिडिओ फोर-के, सेकंदाला 100 मेगाबिट; म्हणजे तासाला 45 जीबी. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी32 मांडणीचा, 4 जीबीवरची फाइल घेतच नाही. मग वायफाय. राउटर हॉलमध्ये, टीव्ही बेडरूममध्ये, मधल्या भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर फुकटचे भागीदार. शेवटी केबल आणली, तर बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टही 100 मेगाबिटांचाच. भरल्या लोकलमध्ये आणखी एक लोकल चढवण्यासारखंच हे.

बरं, वाट रुंद केली तरी भागत नाही. कॅमेऱ्याने चित्र 10-बिट 4:2:2 या रंगमांडणीत टिपलेलं असतं. टीव्हीच्या चिपला बहुधा 4:2:0 एवढंच पचतं. मूळ फाइल जपून ठेवावी, हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने 25-30 मेगाबिटांची प्रत काढावी, ती सुरळीत चालते. हे सुचवलं की चिरंजीव दुखावतात: "बाबा, क्वालिटी जाईल!"

आजी केव्हाच व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप पाहून हात जोडून मोकळ्या झाल्यात.