पाल्यास प्रवेशपरीक्षेस बसविणाऱ्यांसाठी काही नियम

पाचवीतील चिरंजीवांस निवासी विद्यालयात धाडण्याचा ज्या पालकाचा संकल्प झाला आहे, त्याने सर्वप्रथम हे ध्यानी घ्यावे की परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांचा मानपान विहिणींसारखा असतो. एकीस जे रुचते तेच दुसरीपुढे ठेवल्यास ती रुसून बसते. आमच्या पुणेकर साडूंस हा सिद्धान्त मान्य नाही. मुलगा हुशार आहे, तेव्हा अर्ज सगळीकडे भरून टाकावेत, असे त्यांचे धोरण.

नियम पहिला. नवोदय विद्यालय समितीची परीक्षा ही मूलतः नजरेची परीक्षा होय. दोन तासांत 80 प्रश्न, त्यांतील निम्मे केवळ आकृत्यांचे, आणि त्या आकृत्यांना 100 पैकी 50 गुण बहाल केलेले. त्यामुळे वर्षभर पाढेच घोकलेला मुलगा आरशातील प्रतिमा व घडी घालून कातरलेला कागद ह्यांपुढे हतबुद्ध होतो. ह्यावर मार्गदर्शिकांचे गठ्ठे आणण्यापेक्षा रद्दीतले वर्तमानपत्र घ्यावे, त्याची चौघडी घालून मध्ये एक खाच कातरावी, आणि भोके कुठे कुठे पडली असतील हे कागद उलगडण्यापूर्वी मुलास सांगावयास लावावे. साडूंच्या घरी हा प्रयोग त्यांनी न वाचलेल्या ताज्या अंकावर झाला. तेव्हापासून प्रयोगशाळा बंद आहे.

ह्या समितीच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांवर हक्क सांगण्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातील शाळेत काढलेली असावी लागतात. सबब, पाचवीच्या जून महिन्यात ज्यांना वडिलोपार्जित गावाची अकस्मात ओढ लागते, अशा शहरी पालकांनी तलाठ्याच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नये. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, हेही स्मरणात असावे.

नियम दुसरा. साताऱ्यास 1961 साली देशातील पहिली सैनिक शाळा निघाली; आज त्या शाळांची परीक्षा राष्ट्रीय चाचणी यंत्रणा घेते, आणि ही बाई गणिताची निस्सीम भक्त आहे. एकूण 300 गुणांपैकी 150 एकट्या गणिताचे, प्रश्नास तीन ह्या दराने. भाषा, बुद्धिमत्ता व सामान्य ज्ञान ह्यांच्या पदरी प्रश्नागणिक दोनच. इतका उघड हिशेब समोर असता साडू मात्र रोज रात्री पानावर राजधान्या विचारतात, आणि ते पोर वरणभाताचा घास गालात धरून ‘उलानबातर’ म्हणते. अहो, त्याला आधी गिळू तरी द्या! शेकडेवारी दुपारी पक्की करून घ्या, आणि मंगोलिया मंगोलियातच राहू द्या.

नियम तिसरा. डेहराडूनच्या 1922 सालच्या लष्करी महाविद्यालयाचा प्रवेश आठवीत होतो. महाराष्ट्रातील दरखास्त पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडे जाते, परीक्षा वर्षातून दोनदा असते, आणि तेथे वर्तुळे रंगवून भागत नाही, उत्तरे लिहावी लागतात. पाचवीतील मुलाशी ह्याचा तूर्त काही संबंध नाही. साडूंनी माहितीपत्रक मागविले आहे.

नियम चौथा. पहिल्या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तरास गुणकपात नाही; तेव्हा एकही ओळ कोरी ठेवू नये. मात्र एखादा प्रश्न पुढे ढकलला की पुढची सगळी वर्तुळे एका ओळीने वर सरकतात, आणि येत असलेली उत्तरेही मातीमोल होतात. उत्तरपत्रिकेवर चालू ओळीखाली पट्टी धरण्याची सवय घरीच लावावी. ह्या एका पट्टीने जे साधते ते शिकवणीच्या फीने साधत नाही.

नियम पाचवा. केंद्राच्या फाटकातून बाहेर आलेल्या मुलास ‘सत्ताविसाव्याला काय लिहिलेस’ असे विचारू नये. वडापाव द्यावा.

साडूंचा धाकटा येत्या जूनमध्ये तिसरीत जाईल. साडूंनी पहिला नियम मजकडून दोनदा वाचून घेतला, आणि सध्या ते मुळशीकडच्या एका खेड्यात भाड्याची खोली पाहत आहेत.