ग्रॅमभाऊ

प्रत्येक ट्रेक ग्रुपात एक ग्रॅमभाऊ असतो. घरात त्याचा छोटा वजनकाटा असतो. त्यावर टूथब्रश ठेवून तो आधी हळहळतो आणि मग दांडा अर्धा कापतो. त्याचा तंबू नऊशे ग्रॅमचा. किंमत विचारलीत तर पुन्हा वजनच सांगतो.

ऋतूंचं पंचांग त्याला पाठ. ‘‘उन्हाळ्यात नुसती आतली जाळी लावा, वारा खेळू द्या. थंडीत झरोके बंद केलेत की श्वासातली वाफ कापडावर जमून पहाटे तोंडावर टपकणार. वाऱ्याकडे तंबूची निमुळती बाजू, दार पलीकडे. खोलगट जागा दिसली की पुढे चला, तिथे पाणी साचतं.’’ यातलं एक अक्षरही खोटं नसतं, हेच आमचं दुखणं.

त्याचा तंबू चालायच्या काठ्यांवर उभा राहतो. म्हणजे खुंट्या रुतल्या तरच. सह्याद्रीचा काळा कातळ खुंटीला दाद देत नाही. मग ‘‘दोऱ्या दगडांना बांधू’’ असा हुकूम सुटतो आणि नऊशे ग्रॅमच्या तंबूसाठी आम्ही चौघं मणभर दगड वाहतो. तो फक्त ताण तपासतो.

पावसाळ्यात राजमाचीला उधेवाडीत आम्ही पडवीत पिठलं-भाकरी चापत असताना हा अंगणात तंबू ठोकत होता. ‘‘मावशी, हे कापड तीन हजार मिलिमीटर पाणी अडवतं!’’ कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ धरला तरी ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. मावशींनी आभाळाकडे पाहिलं. ‘‘आमच्याकडं त्याहून जास्त पडतो रं बाबा. आत ये.’’

पण डिसेंबरात अवकाळी कोसळला, तेव्हा मध्यरात्री डोक्याला टॉर्च बांधून प्रत्येक तंबूच्या दोऱ्या ताणत फिरणारा तोच होता. ‘‘नायलॉन भिजलं की सैल पडतं,’’ असं पावसात ओरडून सांगत होता. आम्ही आत, कोरडे, घोरत होतो.

म्हणून सकाळी कुणी कुरकुरत नाही. भिजलेला तंबू भलताच जड होतो. ग्रॅमभाऊ त्याचं वरचं कापड माझ्याकडे देतो, खुंट्या दुसऱ्याकडे, काठ्या तिसऱ्याकडे. मग आपली सॅक एका बोटावर उचलून धरतो. ‘‘बघा, नियोजन केलं की वजन आपोआप उतरतं!’’