तरतूदकाका

प्रत्येक वसाहतीत एक तरतूदकाका असतात. निवृत्ती पाटबंधारे खात्यातून, मुक्काम दुसऱ्या मजल्यावर, खिशाला दोन पेनं. निळं स्वतःच्या सूचनांसाठी, लाल दुसऱ्यांच्या. नातवाचं बारसं असो की गच्चीची गळती, त्यांचा पहिला प्रश्न एकच : "लेखाशीर्ष कोणतं?"

पुणे महापालिकेने २००६ साली सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. आपल्या भागातली छोटी कामं नागरिकांनी अर्ज भरून सुचवायची सोय झाली आणि आमच्या काकांच्या निवृत्तीला अर्थ आला. बाकं, दिवे, पदपथाची दुरुस्ती असे अर्ज ते नेमाने भरतात. यंदा मात्र पोरांनीच मागणी पुढे केली : बागेच्या ओसाड कोपऱ्यात स्केट पार्क हवा.

बैठक बसली. काका कधी विरोध करत नाहीत, ते त्रुटी काढतात.

"हा खेळ आहे की उनाडक्या?"

नववीतली एक मुलगी तयारीनिशी आली होती. "काका, टोकियो ऑलिम्पिकमध्ये होता. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण मिळवणारी मोमिजी निशिया १३ वर्षांची होती. रौप्यवालीही १३ची."

"तेराव्या वर्षी सुवर्ण? मग चौदाव्या वर्षी पेन्शन?" असं म्हणत काकांनी नोंद मात्र निळ्या पेनाने केली.

मग जागेचा विषय निघाला. एका सभासदाने उदारपणे सुचवलं, "सरसकट पेव्हर ब्लॉक टाकून देऊ." पोरांचे चेहरे पडले. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचं. ब्लॉकच्या फटीत ते अडकतं, बोर्ड थांबतो, माणूस पुढे जातो. जमीन लागते ती घोटून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटची, तीही उताराची आणि गोलाईची.

"गोलाई?" काकांनी दरसूची उघडली. त्यांच्या लेखी दरसूचीत नाही ते जगात नाही. खोदकाम सापडलं, मुरूम भराव सापडला, सळई सापडली. 'पोरांना घसरण्यासाठी गोलाईचं काँक्रीट' सापडेना. बराच वेळ पानं उलटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "कालवा अस्तरीकरण!"

मुलीने सांगितलं की कल्पना फार दूरची नाही. १९७६-७७च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरं बोर्ड घेऊन त्यांत उतरली. आजचे वाटीसारखे स्केट पार्क त्यातूनच आले.

"म्हणजे पाणी आटलं की खेळ सुरू," काका म्हणाले. "या हिशेबाने मराठवाड्यातून आतापर्यंत चार सुवर्णपदकं यायला हवी होती."

इथवर सगळं पोरांच्या बाजूने होतं. मग वडीलधाऱ्यांना बागेचा उमाळा आला. एकाला कमान हवी, एकाला सेल्फी पॉइंट. ज्येष्ठांसाठी छत्री, तिच्याशेजारी कारंजं, कारंज्यापुढे उद्घाटनाची संगमरवरी पाटी. मसुदा टाइप होऊन आला तेव्हा काम क्रमांक एक 'भव्य प्रवेश कमान' होतं आणि स्केट पार्क चौदाव्या क्रमांकावर, 'संकीर्ण' या सदरात, झाडाच्या कुंड्यांखाली.

काकांनी लाल पेन काढलं. आम्हाला वाटलं, गेला चौदावा क्रमांक. पण काकांनी कमान खोडली. कारंजं खोडलं. पाटीवर इतकी जाड रेघ मारली की कागद फाटला.

"आता मला सांगा, पावसाळ्यात वाटीत पाणी साचलं तर?"

शांतता. तळाशी निचऱ्याची जाळी कुणालाच सुचली नव्हती. पोरांनाही नाही.

"साचलं तर डेंग्यू. पहिल्याच पावसाळ्यात तुमचा खेळ बंद आणि औषध फवारणी सुरू. निचरा लिहा. रोज झाडणार कोण? एक खडा चाकाखाली आला की पोर तोंडावर. झाडणं लिहा. भेगा पडल्या तर? दुरुस्ती लिहा. दिव्याचं बिल? लिहा." मग त्यांनी आवाज खाली आणला, जणू खात्याचं गुपित सांगताहेत. "अरे, भांडवली खर्चात फीत कापली जाते. बाग टिकते महसुली खर्चात."

कुणीतरी धीर करून विचारलं, "आणि शिस्त?"

मुलगी म्हणाली, "मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार म्हणून गाव आहे. तिथे २०१५ साली स्केट पार्क झाला. नियम दोनच : शाळा बुडवली तर स्केटिंग नाही, आणि मुलींचा नंबर आधी."

"खर्च?"

"शून्य, काका."

काकांनी ही बाब निळ्या पेनाने लिहिली. पुढे रकमेच्या रकान्यात 'निरंक' लिहून खाली सही केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी विनातरतूद काही मंजूर केलं असावं.

तरतूदकाकांची आपण टिंगल करतो, कारण ते कंटाळवाणे असतात. पण आपल्या बागांमधली बंद कारंजी आणि गंजलेल्या घसरगुंड्या उत्साही माणसांनीच उभारलेल्या आहेत. तेव्हा तुमच्या वसाहतीत असं काही निघालं, तर नकाशा पोरांना काढू द्या आणि हिशेब काकांना. कमानवाल्यांना मात्र बैठकीची वेळ कळवू नका.