विमानाचे गुरुजी

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात एक गुरुजी असतात. निवृत्त, शक्यतो भूगोलाचे. मुलगा नाहीतर जावई परदेशात. गावची पोरं माघारी त्यांना 'लोहगाव टॉवर' म्हणतात.

तुम्ही नारायणगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असता. गुरुजी शेजारी टेकतात.

"कुठं निघाला?"

"पुण्याला."

"दुबईला निघाला असता तर सोपं होतं. मुंबईहून 1,930 किलोमीटर, तीन तास."

आणि पुण्याचे 75 किलोमीटर किती वेळात, असं विचारलं की गुरुजी चष्मा पुसायला घेतात. नारायणगावला बायपास झाला, मंचरला झाला, खेडला झाला. चाकणला मात्र जगातलं कुठलंच कोष्टक लागू पडत नाही. विमानतळही आधी चाकण-खेडकडेच यायचा होता. तो पुरंदरला गेला, हे दुःख त्यांनी घरातली सुपारी फिसकटल्यासारखं मनाला लावून घेतलंय.

न्यूयॉर्कचं विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडून का जातं, हे त्यांनी एकदा टोमॅटोच्या बाजारात समजावलं. क्रेटमधला टोमॅटो उचलला, नखानं मुंबई आणि न्यूयॉर्क खुणावलं, वरून सुतळी ताणली. "बघ, गोलावर जवळची वाट ही अशी वरून." व्यापारी म्हणाला, "गुरुजी, न्यूयॉर्कला रस सुटलाय. तेवढा घरी न्या."

लंडनला जाताना समोरून वारा, म्हणून येण्यापेक्षा जायला तासभर जास्त, हे त्यांना तोंडपाठ. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं तेव्हा सगळ्यात मोठं नुकसान गुरुजींचं झालं. पाठ केलेले आकडे एका रात्रीत बाद!

पोराचं विमान पहाटे 2 चं होतं. गुरुजींनी कागद मांडला: तीन तास आधी हजेरी, म्हणजे रात्री 11. माळशेजमार्गे पाच तास. संध्याकाळी 6 ला निघू. काकू मासवड्या बांधता बांधता म्हणाल्या, "दुपारी जेवून निघा. पाऊस हाय." काकूंनी आयुष्यात विमान पाहिलं ते अंगणातून. पण कागदापुढे बाईमाणसाचं कोण ऐकतो? निघाले सहालाच. घाटात धुकं, पुढं मुरबाडच्या अलीकडे उलटलेला टेम्पो, कल्याणला तर बोलायलाच नको. विमानच दोन तास उशिरा सुटलं म्हणून पोराला ते मिळालं. गुरुजींनी ते यश बिनदिक्कत स्वतःच्या खात्यावर जमा केलं. "हिशेबात मी उशीर धरलाच होता."

ते स्वतः अजून विमानात बसलेले नाहीत. मुलानं दोनदा तिकीट काढायची तयारी दाखवली, दोन्ही वेळा ह्यांनी मार्गातच खोट काढली.

तरी तुम्हाला परदेशी जायचं असेल तर गुरुजींना जरूर भेटा. अंतर त्यांना विचारा. घरातून कधी निघायचं, ते काकूंना.