वायरमास्तर

अंबरनाथच्या मोरिवलीत एमआयडीसीच्या कडेला एक पत्र्याचं गोडाऊन आहे. दारावर पाटी नाही, आत फळा नाही. तरी दर वर्षी चारदोन पोरं इथून 'साउंडवाली' होऊन बाहेर पडतात. या विद्यापीठाचे कुलगुरू, परीक्षक आणि चहा सांगणारे असे सगळे एकच : वायरमास्तर. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

नवा पोरगा येतो तो थेट मिक्सरच्या खुंट्यांकडे डोळे लावून. मास्तर त्याच्या हातात माईकची वीस मीटर वायर देतात.

"गुंडाळ."

पोरगा सवयीनं अंगठा आणि कोपर यांच्यात फेरे घालायला लागतो. मास्तर डोळे मिटून घेतात. "अरे, वायर आहे ती, म्हशीचं दावं नाही! आतल्या तारेला पीळ पडला की ऐन आरतीत खर्रखर्र करते." मग स्वतः दाखवतात. एक वेढा सरळ, पुढचा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ. टोक धरून भेंडोळं फेकलं की वायर मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडते. गाठ नाही, गुंता नाही. पहिल्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम एवढाच. त्यानंतर टेम्पोत बेसचे खोके चढवायचे असतात. त्याला मास्तर 'प्रॅक्टिकल' म्हणतात.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचं शिक्षण मिळतं, दिल्लीच्या एनएसडीत रंगमंचावरची प्रकाशयोजना शिकवतात, हे मास्तरांना ठाऊक आहे. दोन्ही संस्थांबद्दल त्यांना आदर आहे. फक्त एक शंका आहे : "तिथे हळदी होतात का?"

शंका रास्त आहे. अंबरनाथ-बदलापूरकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी व्हायची नाही. बेंजो, ढोलकी, गायिका आणि नवरदेवाचे दोन मामा, सगळ्यांना एकाच वेळी आपलाच आवाज वर हवा असतो. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. दहाला एकदम बंद केला तर मामा अंगावर येतात, चालू ठेवला तर पोलीस. मास्तरांचं बोट साडेनऊलाच फेडरवर टेकतं आणि आवाज केसाकेसानं खाली उतरायला लागतो. दहाला तो मुळी उरलेलाच नसतो. पोलीस येतात तेव्हा मामा नुसत्या ढोलकीवर नाचत असतात. ही विद्या कुठल्या कोर्सात नाही.

माईकसमोर येणाऱ्या माणसांचे मास्तरांनी तीन वर्ग केले आहेत. फुंकणारे, टपली मारणारे आणि गिळणारे. फुंकणारे साधे कार्यकर्ते. टपली मारणारे इच्छुक उमेदवार. गिळणारे निवडून आलेले. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा भरते, तेव्हा तिन्ही वर्ग एकाच स्टेजवर सापडतात. टपली पडली की मास्तर स्वतःचंच डोकं चोळतात.

कान मात्र तयार. अवघड जागीही तयार. एका ओळखीच्यांकडे मयत झालं म्हणून मास्तरांबरोबर भेटायला गेलो होतो. घरात चिडीचूप. मास्तर फ्रीजकडे टक लावून बसलेले. शेवटी घरच्या कर्त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अर्थिंग तपासून घ्या." त्या माणसाला वाटलं, हे काहीतरी अध्यात्मातलं असावं. त्यानं हात जोडले.

पण अर्धी हयात उजवीकडच्या स्पीकरांना डावा कान देऊन उभं राहिल्यामुळे त्या कानानं आता काम सोडलंय, हे अख्ख्या अंबरनाथला माहीत आहे. मास्तरांना मान्य नाही. परिणाम असा, की त्यांना डावी बाजू कायम बसलेली वाटते आणि ते ती वाढवतात. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी माणसं मुद्दाम उजवीकडे बसवतात. पोरं मास्तर चहाला गेले की डावीकडचा आवाज उतरवतात. मास्तर परत आले की चढवतात.

मागच्या वर्षी या गुरुकुलात मुंबईचा कोर्स केलेला पोरगा आला. बापानं एफडी मोडून फी भरलेली. मास्तरांनी वायर पुढे केली. पोरानं एक वेढा सरळ, एक उलटा, अशी झरझर गुंडाळली. मास्तर अस्वस्थ झाले. नापास करायची त्यांची एकुलती सोय त्यानं काढून घेतली होती.

मग गणपती आले. एका मंडळाच्या मंडपात आरास लागली आणि लाइट अंगात आल्यासारखे घुमायला लागले. मूर्तीवर पडायचा झोत समोरच्या बिल्डिंगच्या बेडरूममध्ये. मास्तरांनी शास्त्रोक्त उपाय केले : बंद करून चालू केले, शेवटच्या लाइटला चापट मारली, नारळ फोडला. पोरगा हळूच म्हणाला, "मास्तर, ही डीएमएक्सची लाइन आहे. एका वायरीतून 512 चॅनलचे हुकूम जातात. शेवट मोकळा राहिला की सिग्नल तिथून आपटून मागे येतो आणि लाइटला कुठला हुकूम खरा ते कळत नाही. शेवटच्या लाइटच्या दोन नंबर आणि तीन नंबर पिनमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर लावू."

चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त वस्तू. लावली आणि लाइट शहाण्यासारखे बाप्पांकडे बघू लागले.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "मी बघत होतो, कुणाच्या लक्षात येतंय का."

यंदाच्या नव्या बॅचला पहिल्याच दिवशी, वायरीच्याही आधी, मास्तरांनी खिशातून ती इवलीशी वस्तू काढून दाखवली. "120 ओहम. आमच्या उस्तादांनी जाताना माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, कुणाला सांगू नकोस. पण तुम्ही आपली पोरं." कोर्सवाला पोरगा मागे स्पीकर पुसत होता. त्यानंही मान डोलावली. त्याचा पगार गणपतीनंतर वाढला होता; का, ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

नव्या पोरांतला एक चौकस निघाला. "मास्तर, तुमच्या उस्तादांच्या काळी हे डीएमएक्स होतं?"

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून डावा कान पुढे केला. "काय म्हणालास?"